आबांचा आकडा

रोलर कोस्टरचं वेड लागलेली माणसं फार चमत्कारिक असतात. मी त्यातलीच एक आहे, त्यामुळे नावं ठेवायचा मला पूर्ण अधिकार आहे. नवीन राइड येणार अशी नुसती कुणकुण लागली, की आमच्या फोनवरच्या ग्रुपात जो कालवा होतो तो लग्नघरात होत नाही. पार्कवाल्यांनी मागच्या मैदानाला हिरवी जाळी लावली, की झालं! जाळी का लावली? एवढी उंच का लावली? एक जण म्हणणार, साखळीने वर ओढणारा कोस्टर आहे. दुसरा म्हणणार, डोंबल तुझी साखळी, हा बंदुकीच्या गोळीसारखा सुटणारा आहे. तिसरा पार्कातल्या कँटीनवाल्याच्या मेव्हण्याचा हवाला देणार. त्या मेव्हण्याला आजवर कुणी पाहिलेलं नाही, पण त्याच्या शब्दावर आमच्यातल्या लोकांनी सुट्ट्या टाकलेल्या आहेत.

ग्रुपातले बहुतेक जण हिंजवडीच्या कंपन्यांमधले. लातूर, जळगाव, अमरावतीकडून नोकरीला आलेले, सूस-बाणेरला फ्लॅट घेऊन राहणारे. मी तिथल्याच एका कंपनीच्या रिसेप्शनवर बसते, आणि या भानगडीत मला एका सहकाऱ्यानेच ओढलं. तो पुढे नोकरी सोडून बेंगळुरूला गेला, मी ग्रुपात राहिले. आणि माझ्या मागून, माझ्याच फोनवरून, आमचे आबा त्या ग्रुपात आले. आबा म्हणजे माझे वडील. वय सदुसष्ट, शिक्षण चौथी. ग्रुपात त्यांना सगळे 'काका' म्हणायचे, आणि काका बोलले की वाद संपायचा.

ते कसं झालं ते सांगते.

आम्ही नांद्याचे. पिढ्यान्पिढ्या भात लावला आणि मग बिल्डर आला. निम्मी जमीन गेली तेव्हा आबांनी रडत बसण्यापेक्षा जेसीबी घेतला. स्वतः चालवायला शिकले. सूसपासून आमच्या गावापर्यंत आज ज्या सोसायट्या उभ्या आहेत, त्यातल्या कितीतरी सोसायट्यांचे पाये आबांनी खणलेत. अकराव्या मजल्यावर कुंड्यांना पाणी घालणाऱ्या बायांना हे माहीत असायचं कारण नाही. पण आबांना माहीत असायचं. रस्त्याने जाताना ते इमारतीच्या वर बघतच नसत. खाली बघत आणि सांगत, "हितं नऊ फुटाला काळा पाषाण लागला, ब्रेकर मोडला व्हता." नाहीतर, "हितं भराव हाय, म्या सांगितलं व्हतं, आइकलं न्हाई." जमीन त्यांना आतून दिसायची. मूठभर माती हातात घ्यायची, आजूबाजूला झाडं कुठली आहेत ते बघायचं, जवळच्या विहिरीचं पाणी किती खाली आहे ते विचारायचं, आणि आकडा सांगायचा. तो आकडा चुकल्याचं मी कधी ऐकलं नाही. चुकला असता तर आईने ऐकवलं असतं, ती सोडणारी बाई नाही.

पौडच्या पुढे डोंगराला लागून ते पार्क झालं, तेव्हा तिथल्या पहिल्या कोस्टरचे खड्डे आबांनीच काढले. काम झाल्यावर ठेकेदाराने घरच्यांसाठी पास दिले. मी तेव्हा कॉलेजात होते. आई खाली बाकड्यावर आमच्या चपला आणि पिशव्या घेऊन बसली आणि म्हणाली, "मला येड लागलं न्हाई." आबा मात्र सरळ पहिल्या सीटवर. मला वाटलं, घाबरतील. कसले घाबरतात! वरून खाली येताना सगळे बोंबलत होते आणि आबा मान वाकडी करून बाजूच्या खांबाच्या बुडाकडे बघत होते. उतरल्यावर म्हणाले, "हालला न्हाई. येवढा दनका बसला, पन पाया हालला न्हाई." त्यांचं प्रेम तिथून सुरू झालं. कोस्टरला ते शेवटपर्यंत 'पाळणा'च म्हणाले, जत्रेतला असावा तसा. वर्षातून दोन-तीनदा आम्ही जायचो. आम्ही दोघं पाळण्यात, आई पिशव्या राखत.

ग्रुपात आबांचं नाव झालं ते संडासामुळे. खरंच! ग्रुपातला एक जण ड्रोन उडवतो. बाहेरच्या टेकडीवर उभं राहून त्याने पार्कातल्या एका खणलेल्या खड्ड्याचा फोटो काढला आणि ग्रुप पेटला. दोन दिवस नुसती चर्चा, हा कुठल्या देशातला कोस्टर, किती वेगाचा, किती वेळा उलटा फिरणार. तिसऱ्या दिवशी मी आबांना सहज फोटो दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, फोटो बघितला आणि हसत सुटले. "आगं ही टाकी हाय संडासाची. बाजूला पायपाचा चर बघ की." मी तसंच लिहिलं. लोकांनी मला वेड्यात काढलं. दीड महिन्याने पार्कात नवीन स्वच्छतागृह उघडलं आणि ड्रोनवाल्याने स्वतः कबूल केलं. तेव्हापासून 'काकांना विचारा' सुरू झालं. आबा पडवीत खुर्ची टाकून बसायचे, मी फोन घेऊन शेजारी. ते सांगायचे, मी टाइप करायचे. आई आतून ओरडायची, "बापलेकीस्नी उद्योग न्हाई." आबांना त्या संडासाचा काय अभिमान! येईल त्याला सांगायचे आणि वर म्हणायचे, "पाया कुटला न् टाकी कुटली, येवढं ज्याला कळंना, त्यानं मशीनवर बसू नये."

हे वाक्य लक्षात ठेवा. मला तर ते विसरता येत नाही.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात खरे खड्डे निघाले. हिरव्या जाळीच्या आत, डोंगराच्या अंगाला. ड्रोनवाल्याने फोटो टाकला आणि ग्रुपात दंगल झाली. बाणेरला राहणारा एक इंजिनियर आहे, मूळचा अमरावतीचा, त्याने जगभरच्या कोस्टरची मापं पाठ केलेली आहेत. त्याने छातीठोकपणे सांगितलं, जागा लहान आहे, सत्तर फुटांच्या वर काही येत नाही, पोराबाळांचा कोस्टर असणार. सगळ्यांची तोंडं पडली.

आबांनी तो फोटो तीन संध्याकाळी बघितला. खड्ड्यांकडे कमी आणि काढलेल्या मातीच्या ढिगाकडे जास्त. वरची तांबडी माती किती, पिवळा मुरूम किती, काळा दगड किती, ढीग केवढा. बोटांनी मोजत बसायचे. मग म्हणाले, "लिव. मधले दोन खड्डे बघा. पाषाण लागल्यावर बी थांबल्यालं न्हाईत, ब्रेकर लावून आत गेल्यात. वजन पेलायला पाया पाषाणावर बसला तरी भागतंय. आत शिरत्यात ते वारं न् हिसका धरायला. वर लई उंच काय तरी हाय. दीडशे फूट. दोन-चार हिकडं-तिकडं." मी त्यांच्याकडे बघितलं. "आबा, दीडशे लिहू? नक्की?" ते चिडले. "मंग काय नुसतं तोंडाला यील ते सांगतुया व्हय मी?"

बाणेरवाल्याने लिहिलं, काकांचा मान राखून सांगतो, अशक्य आहे. दीडशे निघाला तर मी नांद्याला येऊन काकांच्या पाया पडेन, सगळ्यांदेखत कबूल करतो. आबांना मी वाचून दाखवलं. त्यांची कळी अशी खुलली, म्हणाले, "यिऊ दे. पोळ्या करून घालू त्याला." त्या दिवसापासून ग्रुपात दोन तट पडले, सत्तरवाले आणि दीडशेवाले. आमच्या घरात मात्र एकच तट होता. आबा येता-जाता विचारायचे, "सांगितलं का पार्कवाल्यांनी? न्हाई? सांगतील की, कुटं जात्यात."

आखाडात आबांच्या छातीत दुखायला लागलं. वेळेवर नेलं, दोन स्टेंट टाकले, वाचले. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून काय काय सांगितलं. तंबाखू बंद, तेल-मीठ कमी, रोज चालायचं. मी विचारलं, कारण माझ्या डोक्यात तेच होतं. कोस्टर? डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "यापुढे कधीच नाही."

मी आत गेले, तर आबा उशीला टेकून बसले होते. पहिला प्रश्न, "जाळी काढली का गं?"

"नाही आबा. तुम्ही पडून राहा."

"न्हाई पोरी, मला उठाया पायजे. पाळना येतुया."

मनाशी म्हटलं, आत्ता नको, घरी गेल्यावर सांगू. घरी आल्यावर ते त्या पाळण्याच्या ओढीने असे चालायला लागले, की सांगायची माझी छातीच होईना. आधी अंगणात, मग देवळापर्यंत, मग ओढ्याच्या पुलापर्यंत. परत आले की घामेजलेल्या अंगाने विचारायचे, "आलं का काय?" भाजीत मीठ नसलं तरी कुरकुर नाही. तंबाखूची चंची स्वतः चुलीत टाकली. आई म्हणाली, "चाळीस वर्सं माझ्यानं सुटली न्हाई ती तुमच्या पाळन्यानं सोडवली."

इकडे ग्रुपात सगळे घोषणेसाठी जीव टाकत होते आणि मी एकटी देवाला हात जोडत होते की घोषणा होऊ नये. झाली तर मला सांगावं लागणार होतं, आबा, तुम्हाला बसता येणार नाही. आणि आबा ऐकणारे नव्हते. माझी खात्रीच होती. हा माणूस रांगेत उभा राहणार, दारावरच्या पोराला 'मला काय बी झालं न्हाई' म्हणून गुंडाळणार आणि पहिल्या सीटवर जाऊन बसणार. मला रात्रंदिवस तेच दिसायचं. वर जाताना आबा, खाली येताना मान टाकलेले आबा.

गौरी-गणपतीच्या सुमारास पार्कवाल्यांनी एक काळं चित्र टाकलं. त्यावर तीन उभ्या रेघा आणि खाली 'लवकरच'. बस. ग्रुप वेडा झाला. तीन रेघा म्हणजे तीन डोंगर, तीन रेघा म्हणजे तीन उलट्या कोलांट्या. कुणी त्या रेघांचा कोन मोजला, अगदी कंपासपेटी घेऊन. 'काका कुठे आहेत?' 'काकांना विचारा.' मी आबांना चित्र दाखवलंच नाही. पण त्यांना शेजारच्याच्या फोनवर दिसलं. संध्याकाळी पुलावरून आले ते जवळजवळ पळतच. "पैल्या दिवशी जायाचं आपन! पैल्या दिवशी म्हंजी पैल्या दिवशी. तुजी सुट्टी आत्ताच टाक."

त्या दिवशी मी ठरवलं.

रविवारची दुपार होती, बारीक पाऊस चालू होता. आबा पडवीत. ड्रोनवाल्याने पावसातला नवा फोटो टाकला होता. सगळे खड्डे गढूळ पाण्याने काठोकाठ भरलेले, काठ ढासळून दोन-तीन खड्डे एकात एक झालेले. मी फोन घेऊन शेजारी बसले आणि म्हणाले, "आबा, ती टाकी निघाली."

"कसली टाकी?"

"पाण्याची. कोस्टर नाही येत. पाण्याच्या खेळांसाठी टाकी बांधतायत. हे बघा, पाणी पण भरलंय."

त्यांनी फोन घेतला. मी शिकवलं होतं तसं दोन बोटांनी चित्र मोठं केलं. इकडे सरकवलं, तिकडे सरकवलं. चष्मा काढून पुसला, परत लावला. "न्हाई पोरी, टाकीला आसं खड्डं कशाला... ह्यो दगड बघ की. टाकीसाठी कोन येवढा दगड फोडतंय?" मी म्हणाले, "पार्कवाल्यांनीच सांगितलंय आबा. ग्रुपवर आलंय."

"त्यांनी सोता सांगितलं?"

"हो."

आबांनी आणखी थोडा वेळ बघितलं. मग फोन माझ्या हातात दिला. "मंग आसंल. तू खोटं कशाला सांगशील. माजंच डोळं गेलं."

मी त्यांना जन्मात कधी खोटं सांगितलं नव्हतं. दहावीचा गणिताचा पेपर वाईट गेला तेव्हासुद्धा दारातूनच खरं सांगितलं होतं. तेच त्या दिवशी कामाला आलं. पुढचंही लिहिते, लपवत नाही. त्या क्षणी मला बरं वाटलं. सुटले बाई एकदाची, असं वाटलं.

थोड्या वेळाने आबा म्हणाले, "लिव त्यास्नी. काकाचं माप चुकलं म्हनावं. आन् त्या बाणेरवाल्याला म्हनावं, तुजं बरोबर." मी फोनवर बोटं हलवली आणि काहीच लिहिलं नाही. ग्रुपात आधीच कळवून टाकलं होतं, की काकांची तब्येत नाजूक आहे, ते आता फोन बघत नाहीत. लोकांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली.

दुसऱ्या दिवशी आबा चालायला गेले नाहीत. पाऊस होता. तिसऱ्या दिवशी पाऊस नव्हता, तरी गेले नाहीत. मी रागावले, "डॉक्टरांनी काय सांगितलंय?" तर देवळापर्यंत जाऊन आले, माझं तोंड बंद करायला. मला वाटलं, आठ दिवस वाईट वाटेल, मग विसरतील. पोरांचं खेळणं काढून घेतलं की आपण असंच म्हणतो ना, विसरेल.

मग तो ड्रायव्हर आला. आबांच्याच हाताखाली जेसीबी शिकलेला, आता स्वतःची दोन मशीनं आहेत, पोरं शाळेत जातात. रिह्याला एका फार्महाऊसचा पाया काढायचा होता. त्याने येताना रुमालात माती बांधून आणली होती, पहिल्यापासूनची त्याची पद्धत. पडवीत बसला, रुमाल सोडला. "आबा, बघा बरं. हितं किती फुटाला दगड लागंल?"

मी स्वयंपाकघरात होते. आबा नेहमीसारखे माती चोळतील, झाडं विचारतील, म्हणून मी कान देऊन होते. आवाजच आला नाही. डोकावले, तर आबांनी हात मांडीवर ठेवलेले होते. मातीला शिवलेसुद्धा नव्हते.

"मला नको इचारूस," ते म्हणाले.

"आवो आबा, तुमाला न्हाई तर कुनाला इचारू?"

"दुसरं कोन बी बघ. मला आता पाया न् टाकी कळंना. उगं माज्या भरवशावर मशीन न्यायचास, न् तुजं नुकसान व्हायाचं."

ड्रायव्हर हसला, त्याला थट्टा वाटली. मग त्याने आबांचं तोंड बघितलं आणि हसायचा थांबला. रुमालाची गाठ परत मारली, चहा पिऊन निघून गेला. मी पोळपाटासमोर उभी होते. हातात लाटणं होतं. चार पावलं गेले असते आणि म्हणाले असते, आबा, मी खोटं बोलले, तो पायाच आहे, तुमचं बरोबर आहे, तर सगळं तिथंच मिटलं असतं. मी पोळी उलटली. मनाशी म्हटलं, खरं सांगितलं तर पुन्हा पाळण्याचं भूत डोक्यात बसेल. त्यांचा जीव वाचवतेय मी, दुसरं काय?

त्यानंतर आबांनी कुणालाच जमिनीतलं काही सांगितलं नाही. सूसकडे दवाखान्यात मी न्यायचे तेव्हा आबा रिक्षात समोर बघत बसायचे. एकदा मीच एका इमारतीकडे बोट दाखवलं. "आबा, हिचा पाया तुम्हीच काढला ना?" ते म्हणाले, "आसंल."

दिवाळीच्या तोंडावर, भात कापणीला आला तेव्हा, आबा दुपारी जेवून पडवीत आडवे झाले आणि उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल. सगळे म्हणाले, सोन्यासारखं मरण आलं. मीपण मान हलवली. ग्रुपात मी काही कळवलं नाही. कळवायचं म्हटलं तर काय लिहायचं तेच सुचेना. ग्रुपचा आवाज बंद करून ठेवला.

होळीच्या आधीची गोष्ट. ऑफिस सुटल्यावर मला पिरंगुटला काम होतं. चौकात नेहमी कुणाचा तरी वाढदिवस नाहीतर निवड झाल्याचा फ्लेक्स असतो, त्या जागी हा भलामोठा फ्लेक्स. निळा कोस्टर, वरून खाली येणारी माणसं, हात वर केलेले. 'जिल्ह्यातला सर्वात उंच.' आणि खाली मोठ्या पिवळ्या अक्षरात उंची. एकशे बावन्न फूट.

दीडशे. दोन-चार इकडे-तिकडे.

मी गाडी बाजूला घेतली आणि तशीच बसून राहिले. मागून एकाने हॉर्न मारला, मी त्याला वळून एक कचकचीत शिवी दिली. मग फोन काढला, ग्रुप उघडला. हजारभर मेसेज. 'काका! काका! काका!' 'ढिगावरून सांगितलं, ढिगावरून!' 'काकांना कुणीतरी आत्ताच्या आत्ता वाचून दाखवा.' आणि बाणेरवाल्याचा एक, 'मी हरलो. रविवारी नांद्याला येतोय, काकांच्या पाया पडायला. पोळ्या तयार ठेवा.'

घरी आले आणि आईला सगळं सांगितलं. टाकीचं, फोटोचं, फ्लेक्सवरच्या आकड्याचं. रडत सांगितलं, त्यांना बसू द्यायचं नव्हतं म्हणून केलं गं, ते बसलेच असते. आई तांदूळ निवडत होती. हात थांबला.

"त्यांस्नी बसायचं कुटं व्हतं?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"आगं, दवाखान्यातनं आलं तवाच मला म्हनालं. आता आपल्याच्यानं बसनं व्हायाचं न्हाई, तितं पाटीच हाय, छातीवाल्यानं बसू नये. म्हनालं, पोरगी बसंल, तू न् मी खाली पिशव्या राखू. मला फकस्त त्यो पाया भरल्याला बघायचाय, न् त्या बाणेरवाल्याचं त्वांड." आईने डोळे पुसले नाहीत, तिचे डोळे कोरडेच होते. "चालायचं ते तेवढ्यासाठी. पार्काच्या दारापासनं पाळन्यापातुर लई लांब हाय म्हनं."

मला एकदा तरी विचारता आलं असतं. आबा, बसणार आहात का? चार शब्द. मी डॉक्टरांना विचारलं, देवाला विचारलं, आबांना विचारलं नाही. मी त्यांच्याकडून पाळणा काढून घेतला असं मला वाटत होतं. पाळणा तर त्यांनी स्वतःच सोडला होता. मी काढून घेतलं ते त्यांचं माप. आयुष्यभर जमिनीच्या पोटात काय आहे ते सांगणारा माणूस, आपल्याला पाया आणि टाकी कळत नाही असं समजून मेला. आणि तिकडे, डोंगराच्या अंगाला, त्याने सांगितलेल्या उंचीचं लोखंड उभं राहत होतं.

रविवारपर्यंत मी बाणेरवाल्याला चार वेळा लिहायला घेतलं. येऊ नका, काका गेले. चारही वेळा पुसलं. तो आला. गाडीतून पेढ्यांचा खोका घेऊन उतरला, उंच, चाळिशीचा, कानाशी केस पिकलेले. दारातच म्हणाला, "कुठे आहेत आमचे गुरू?" आणि चपला काढून आत आला, आणि भिंतीवरचा फोटो बघितला. फोटोला हार.

खोका त्याच्या हातातच राहिला. "कधी?"

"दिवाळीच्या आधी," मी म्हटलं.

"ताई, तुम्ही काहीच कळवलं नाही."

आईने त्याला पाट दिला, तो त्यावर बसला नाही. फोटोपाशी गेला, पेढे खाली ठेवले, आणि जमिनीला डोकं टेकवून नमस्कार केला. खरा नमस्कार, देवाला करावा तसा. उठला. मग माझ्याकडे वळला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला ते बघवत नव्हतं.

"एक विचारू?" तो म्हणाला. "घोषणा नंतर झाली, ते ठीक आहे. पण त्यांना माहीत होतं ना, आपलं बरोबर आहे ते? म्हणजे शेवटपर्यंत त्यांची खात्री होती ना?"

आई उंबऱ्याशी उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं.

"हो," मी म्हटलं. "अगदी शेवटपर्यंत."

आई चहा ठेवायला आत गेली.